गजबजलेलं रेल्वे फाटक पायी ओलांडताना

फाटकाचा दांडा रिक्षा-ट्रकला अडवतो. पायी माणूस त्याच्याखालून वाकून आत जातो. ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनच्या फाटकाची ख्याती यासाठीच आहे, आणि राज्यात जिथे जिथे स्टेशन भर बाजारात आहे तिथेही फार वेगळं काही दिसत नाही. यात लोकांची घाई आहे, बेफिकिरी आहे. पण फाटकाची सगळी व्यवस्थाच वाहनं डोळ्यांसमोर ठेवून उभी केलेली आहे, हे फारसं बोललं जात नाही. फाटकाच्या जागी पूल बांधायचा की नाही हे ठरवताना रेल्वे ‘टीव्हीयू’ नावाचा आकडा काढते: चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. मोटार, बैलगाडी, टांगा यांचा प्रत्येकी एक, रिक्षाचा अर्धा. पायी चालणाऱ्याला या गुणाकारात जागाच नाही. तेव्हा मनातलं फाटक आपणच पाडायचं आणि आपणच उघडायचं, असं धरून पुढचं वाचा.

आधी आपलं फाटक मोजून घ्या

रोजच्या वाटेवरचं फाटक असेल तर एकदा सवडीनं, फाटक उघडं असताना, हे करून पाहा. रूळ किती जोड्या आहेत ते मोजा. दोन्ही बाजूंना किती लांबवर दिसतं ते बघा: वळण, झाडं, सिग्नलची केबिन, उभी मालगाडी, काय आड येतं? मग नेहमीच्या चालीनं पलीकडे जा आणि मनात सेकंद मोजा. पहिल्या रुळाच्या दोन मीटर आधी सुरुवात, शेवटच्या रुळाच्या दोन मीटर पुढे शेवट.

हिशेब साधारण असा बसतो. शेजारशेजारच्या दोन मार्गांच्या, म्हणजे रुळांच्या दोन जोड्यांच्या, मध्यांमधलं अंतर जुन्या मार्गांवर ४.७ मीटरच्या आसपास असतं. म्हणजे दोन मार्गांच्या फाटकावर धोक्याचा पट्टा सुमारे १० मीटरचा, चार मार्गांवर २० मीटरचा. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो. त्याला दोन मार्गांना ९ सेकंद लागतात, चारांना १७. गुडघे दुखणाऱ्या आजीला त्याच चार मार्गांना २५ सेकंद लागतात. ताशी १०० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. आजी पलीकडे पोहोचेपर्यंत ती ७०० मीटर आलेली असते. तुमच्या फाटकावरून ७०० मीटर लांबचं दिसतं का? बहुतेक ठिकाणी दिसत नाही. मग ‘बघून जाऊ’ या शब्दांना तिथे अर्थ उरत नाही, कारण जे बघायला हवं ते दिसणारच नाही.

भोंग्यावर विसंबू म्हणाल तर तोही हिशेब करा. रुळाकडेला ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते, म्हणजे सीटी-फाटक. ती फाटकाच्या सुमारे ६०० मीटर अलीकडे असते आणि तिथून चालकानं भोंगा वाजवायचा असतो. १०० च्या वेगानं हे ६०० मीटर २१-२२ सेकंदांत संपतात. त्यातले जवळजवळ दोन सेकंद आवाज तुमच्यापर्यंत यायलाच जातात. आजीचे २५ सेकंद आठवा.

आणि चालकानं ब्रेक लावला तर? वेगात असलेली लांब पल्ल्याची गाडी पूर्ण थांबायला साधारण पाऊण ते एक किलोमीटर घेते. तुम्ही त्याला दिसलात म्हणजे तुम्ही वाचलात, असं होत नाही.

फाटक इतक्या लवकर का पडतं?

गेटमनशी भांडण्यात रोज जेवढी ताकद जाते तेवढी ही माहिती घेण्यात गेली असती तर बरं झालं असतं. गर्दीच्या मार्गावरची बहुतेक फाटकं सिग्नलशी जोडलेली, म्हणजे इंटरलॉक केलेली असतात. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. सिग्नल एकदा दिला की गाडी जाईपर्यंत गेटमनला फाटक मनात आलं म्हणून उघडता येत नाही. त्यामुळे फाटक पडलं तेव्हा गाडी अजून दिसतही नाही, हे व्यवस्थेचं बिनसलेपण नाही. तसंच व्हायला हवं.

याचीच दुसरी बाजू पायी माणसाच्या जिवावर येते. एक गाडी गेली तरी फाटक उघडलं नाही, तर लोक म्हणतात, ‘झोपला वाटतं गेटमन.’ तो झोपलेला नसतो. दुसऱ्या मार्गावर गाडीला सिग्नल मिळालेला असतो. गाडी गेल्यावरही बंद राहिलेलं फाटक ही तुम्हाला फुकटात मिळालेली सगळ्यात पक्की बातमी आहे: आणखी एक गाडी येते आहे.

थांबायचं कुठे

दांड्याच्या बाहेर. दांड्याला टेकून नाही, आणि दांडा ओलांडून ‘रुळापासून तर लांबच आहे ना’ म्हणत खडीच्या काठाशी तर मुळीच नाही. आपल्याकडच्या ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर असतं, पण मुंबईच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो. म्हणजे डबा रुळाच्या बाहेर दोन्हीकडे जवळजवळ एकेक मीटर येतो. त्यात दारात लटकलेले प्रवासी, त्यांच्या पाठीवरच्या बॅगा. एक्स्प्रेसमधून कुणी बाटली भिरकावतो, तीही लागते.

मागून गर्दीचा रेटा येतो तिथे पहिल्या रांगेत उभं राहू नका. मूल बरोबर असेल तर ते तुमच्या आणि दांड्याच्या मध्ये नको, तुमच्या मागे किंवा बाजूला हवं. बोट नाही, मनगट धरा. मुलं बोट सोडवून घेतात.

आणि दुचाकीवाल्यांच्या पुढच्या घोळक्यापासून दूर राहा. फाटक उघडताच दोन्ही बाजूंनी दुचाक्या एकदम सुटतात आणि मधल्या खडबडीत भागात समोरासमोर अडकतात. फाटकावर पायी माणसाला होणाऱ्या किरकोळ दुखापती बऱ्याचदा याच वेळी होतात. पहिली लाट जाऊ द्या, मग डाव्या कडेनं निघा.

दुसरी गाडी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा लांबवतो.

आपल्याकडे दोन मार्गांवर गाड्या डाव्या बाजूनं चालतात, रस्त्यासारख्याच. तुम्ही रुळांकडे तोंड करून उभे असाल तर तुमच्या जवळच्या मार्गावरची गाडी सहसा उजवीकडून येते आणि पलीकडच्या मार्गावरची डावीकडून. आता प्रसंग बघा. जवळच्या मार्गावरून मालगाडी उजवीकडून डावीकडे चालली आहे. अठ्ठावन्न-साठ वाघिणींची मालगाडी सुमारे ७०० मीटर लांब असते. ४० च्या वेगानं तिला फाटकावरून जायला मिनिटभर लागतं. लोक कंटाळतात. शेवटचा डबा गेला की सगळे एकदम सुटतात. पण तो शेवटचा डबा अजून डावीकडे जेमतेम वीस-तीस मीटरवर आहे, आणि पलीकडच्या मार्गावरची लोकल नेमकी डावीकडूनच, त्याच्या आडून येते आहे. तिचा आवाज मालगाडीच्या खडखडाटात बुडालेला. तिचा भोंगा ऐकला तरी वाटतं, तो गेलेल्या गाडीचाच.

म्हणून नियम असा: शेवटचा डबा गेला म्हणून पाय उचलायचा नाही. तो इतका लांब जाऊ द्यायचा की त्याच्यापलीकडचा मार्ग नजर पोहोचेल तिथपर्यंत मोकळा दिसेल. तोवर फाटक उघडलं असेल तर चला. उघडलं नसेल तर उत्तर मिळालंच आहे.

चार मार्ग असतील तर उजवी-डावी, उजवी-डावी असा क्रम साधारणपणे लागतो. पण त्यावर जीव टाकू नका. तिसरी मार्गिका, यार्डाचा मार्ग, फाटा फुटणारी लाइन अशा ठिकाणी गाडी कुठूनही येऊ शकते, आणि कामासाठी एखादा मार्ग बंद असेल तर नेहमीच्या उलट दिशेनंही. दिव्यासारख्या जंक्शनवर पनवेल आणि वसई रोडकडचे मार्गही फुटतात. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर तिथल्या जुन्याजाणत्यांचे अंदाजही नव्यानं बसवावे लागले असतील. ‘तीस वर्षं इथूनच जातोय’ असं म्हणणाऱ्याच्या डोक्यातलं वेळापत्रक तीस वर्षांपूर्वीचं असतं.

आपले डोळेही इथे दगा देतात. मोठी वस्तू सरळ आपल्या दिशेनं येत असली की ती आहे त्यापेक्षा हळू वाटते. मुंबईत वडाळ्याजवळ हाच धागा धरून २०१० च्या सुमारास एक प्रयोग झाला होता. रुळांखालचे काही स्लीपर, म्हणजे आडवे ठोकळे, एकाआड एक पिवळे रंगवले. गाडी ते पिवळे पट्टे भराभर गिळताना दिसली की तिचा खरा वेग डोळ्यांना कळतो. तुमच्या फाटकावर पिवळे स्लीपर नसतील, पण विजेच्या तारांचे खांब असतात. गाडीच्या तोंडाकडे टक लावून पाहण्यापेक्षा ती खांब किती झपाट्यानं मागे टाकते ते पाहा. अंदाज चुकल्यासारखा वाटेल, आणि ते बरंच आहे.

प्रत्यक्ष ओलांडताना

फाटक उघडलं, दोन्हीकडे पाहिलं, निघालात. आता मध्ये थांबायचं नाही. फोन खिशात, इअरफोन कानातून बाहेर. विजेवरची लोकल ब्रेक नसताना किती बिनआवाजी येते हे प्लॅटफॉर्मवर उभं राहून कधीतरी डोळे मिटून ऐका.

फाटकावर रुळाच्या आतल्या अंगाला चाकाची कड जाण्यासाठी खाच ठेवलेली असते. ती पाच-साडेपाच सेंटिमीटर रुंद असते. चपलेची टाच, काठीचं टोक, बाबागाडीचं किंवा व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक, ट्रॉली बॅगेची चाकं, सगळं तिच्यात बसतं. रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. तिरपं गेलात तर चाक खाचेत वळतं. बाबागाडीतल्या मुलाला उचलून कडेवर घ्या आणि गाडी दुमडून न्या. व्हीलचेअर असेल तर पुढची चाकं किंचित उचलून किंवा उलटी, मोठी चाकं पुढे करून न्या आणि ढकलायला दोघं घ्या. आधी गेटमनला सांगा. बहुतेक गेटमन अशा वेळी माणुसकीनं वागतात, पण त्यांना माहीत तरी हवं. ट्रॉली बॅग उचला. सायकल हातात धरून चालवा.

मध्यावर असताना घंटा वाजायला लागली किंवा दांडा खाली येऊ लागला तर? पहिल्या रुळावर पाय पडला नसेल तर मागे फिरा. पडला असेल तर पुढेच जा, न धावता, भरभर. धावणारा पडतो. चप्पल राहिली, पिशवी फुटली, कांदे घरंगळले, तर राहू द्या. समोरचा दांडा खाली आला असला तरी त्याच्याखालून बाहेर पडा. तो दांडा आत जाणाऱ्यासाठी आहे, बाहेर पडणाऱ्यासाठी नाही.

दोन मार्गांच्या मधल्या जागेत थांबून एक गाडी जाऊ देण्याची सवय अनेकांना आहे. ४.७ मीटरमधून लोकलची रुंदी वजा करा. दोन लोकल एकाच वेळी आल्या तर मध्ये जेमतेम एक मीटर उरतो, आणि त्यात हवेचा झोत, पदर, ओढणी, छत्री. तरीही कुणी तिथे सापडलंच आणि बाहेर पडायला वेळच नसेल तर उभं राहू नये. रुळांना समांतर, खडीवर सपाट आडवं व्हावं, कपडे अंगाखाली घ्यावेत आणि दोन्ही गाड्या पूर्ण जाईपर्यंत डोकं उचलू नये. हा शेवटचा उपाय आहे, पद्धत नव्हे.

उभ्या मालगाडीखालून जाऊ नका

सिग्नलअभावी मालगाडी फाटकावरच उभी राहिली की लोक कपलिंगवरून चढतात, वाघिणीखालून सरपटतात, पोरांना पलीकडून हात देऊन घेतात. मालगाडी सुटताना आधी सूचना मिळेलच असं नाही. इंजिन अर्धा किलोमीटर दूर असतं, तिथला भोंगा ऐकू येत नाही. जोडण्यांमधला ढिलेपणा एकेक करून ताणला जातो आणि तुमच्या जागेपर्यंत धक्का येतो तेव्हा तो हळू नसतो. थांबा, किंवा स्टेशनच्या पुलाकडे चाला. तिसरा मार्ग नाही.

पाऊस, रात्र, मिरवणूक

पावसाळ्यात छत्री नजर कापते आणि रेनकोटची टोपी कानही झाकते. रुळांशी आलात की छत्री मिटा, टोपी मागे करा, भिजा. ओला रूळ निसरडा असतो. त्याच्यावर पाय देऊ नका, ओलांडून टाका. रात्री काळे कपडे घालून चालणारा माणूस मोटरमनला दिसतच नाही. मोबाइलची टॉर्च पायांकडे लावून ठेवा, ती ठेच लागण्यापासूनही वाचवते.

वरच्या तारांमध्ये २५,००० व्होल्ट असतात. पायी माणसाचा त्यांच्याशी संबंध येत नाही, जोवर त्याच्या खांद्यावर बांबू, लोखंडी शिडी, पाइप किंवा झेंड्याची काठी नाही. अशा वस्तू आडव्या धरून न्या. तारेला शिवण्याचीही गरज नसते, दोन मीटरच्या आत गेलं तरी झटका बसू शकतो. गणपतीची उंच मूर्ती, ताबूत, लग्नाची वरात फाटकावरून नेणार असाल तर मंडळानं आधी स्टेशन मास्तरांना भेटावं आणि फाटकावर नाच-ढोल थांबवावेत. वाहनांसाठी फाटकाआधी जी उंचीची कमान असते ती ४.६७ मीटरची असते. मूर्ती त्याखालून जात नसेल तर वाट बदला.

काही बिनसलं तर

कुणी रुळांवर पडलं, रिक्षा अडकली, तर पहिलं काम माणसांना बाहेर काढणं, दुसरं गेटमनला ओरडून सांगणं. त्याच्याकडे स्टेशनशी थेट फोन, लाल झेंडी आणि रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके असतात. गाडी येत असेल तर सुरक्षित बाजूला राहून, तिच्या दिशेनं पुढे जात, दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरा. लाल झेंडी नसताना रेल्वेत ‘थांबा’ची हीच खूण आहे. रात्री कुठलाही दिवा, मोबाइलची टॉर्चसुद्धा, जोरजोरानं हलवा.

फोन १३९ वर करा. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. ठिकाण सांगताना ‘बाजाराजवळचं फाटक’ म्हणू नका. गेटमनच्या खोलीवर फाटकाचा क्रमांक असतो आणि तारांच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर व खांबाचा आकडा रंगवलेला असतो. रोजच्या फाटकाचा क्रमांक आजच फोनमध्ये लिहून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात: परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंद फाटक स्वतःच्या हातानं उघडलं तर कलम १६०, तीन वर्षांपर्यंत. मोडलं तर पाच. घाईत दांडा वर उचलून धरणाऱ्या ‘मदतनिसांना’ हे सहसा माहीत नसतं.

पूल मागताना काय मागायचं

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१२ साली सांगितलं होतं की रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात, त्यातली सहा हजारांच्या आसपास मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. सगळी फाटकं पाच वर्षांत काढून टाका, अशी त्यांची शिफारस होती. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं २०१९ च्या जानेवारीपर्यंत गेली. पहाऱ्याची एकेक करून जात आहेत. कळव्याजवळचं खारेगावचं गेलं.

पण उड्डाणपूल होऊन फाटक बंद झालं की पायी माणसाचा प्रश्न सुटतोच असं नाही. गाड्यांच्या चढावासाठी पूल दोन्हीकडे लांब पसरतो. पूर्वी वीस मीटर चालणाऱ्या बाईला आता डोक्यावर पाटी घेऊन अर्धा किलोमीटर चढ-उतार पडतो. महिनाभरात संरक्षक भिंतीला भगदाड पडतं आणि लोक तिथूनच जाऊ लागतात, आता गेटमनही नाही आणि दांडाही नाही. म्हणजे आधीपेक्षा वाईट. भुयारी मार्ग केला तर तो जून ते सप्टेंबर पाण्याखाली.

म्हणून पुलाची चर्चा सुरू होताच, आराखडा पक्का व्हायच्या आत, विभागीय रेल्वे व्यवस्थापक आणि नगरपालिका दोघांकडे लेखी मागणी करा. रुळांच्या अगदी कडेला उतरणारे जिने, उतार किंवा लिफ्ट, दिवे, आणि भुयारी मार्ग असेल तर पाणी उपसायचा पंप कुणी चालवायचा याचं लेखी उत्तर. टीव्हीयूत पायी माणूस येत नाही म्हणून त्याची मोजणी तुम्हीच करा. आठवडाभर, सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९, तासागणिक किती माणसं गेली, त्यात शाळेची मुलं किती, काठीवाले किती. कॉलेजची चार मुलं दोन वह्या घेऊन बसली तरी हे काम होतं. तो तक्ता अर्जाला जोडा, दोन्ही कार्यालयांत आवक क्रमांकासह पोच घ्या, आणि एक प्रत आमदार-खासदारांच्या कार्यालयातही द्या.